बारा हजार तास आणि एक सही

अमेरिकेत मास्टर इलेक्ट्रिशियन, म्हणजे ज्याच्या परवान्यावर इतरांचे काम चालते असा कारागीर, होऊ पाहणाऱ्याची सारी उमेदवारी एका आकड्याभोवती फिरते. टेक्सास राज्यात तो आकडा १२,००० तासांचा आहे, न्यूयॉर्क शहरात १०,५०० तासांचा. त्याकडे पाहण्याच्या दोन ठरावीक तऱ्हा आहेत. परवान्याच्या रांगेत उभे असलेले कारागीर आणि मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात, हा निव्वळ अडसर आहे. काम येते की नाही ते परीक्षेत कळते, मग वर्षे कशाला मोजायची? परवाने देणारी मंडळे आणि कामगार संघटना म्हणतात, जितके तास जास्त तितके घर सुरक्षित. एक बाजू आकडा खाली ओढते, दुसरी वर.

दोघांचाही विचार उथळ आहे आणि तो एकाच ठिकाणी उथळ आहे. अनुभव म्हणजे गेलेला वेळ, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. पण अर्जासोबत जाणाऱ्या कागदावर तासांच्या आकड्याखाली एका मास्टरची सही असते. हा माणूस माझ्या देखरेखीखाली काम करत होता, असे ती सही सांगते. अनुभवाची अट ही मुळात साक्षीची अट आहे. साक्ष खरी असेल तर ८,००० तासही पुष्कळ झाले. खोटी असेल तर २०,००० तासांनीही काही साधत नाही. त्यामुळे वाद घालायचाच तर तो कोणत्या कामाचे तास, कोणाच्या नजरेखालचे आणि किती जुने, यावर घालायला हवा.

१. आकडे नेमके काय मागतात

टेक्सासने राज्यभर लागू होणारा परवाना कायदा २००३ मध्ये केला. तोवर तिथे प्रत्येक शहराचा कारभार वेगळा होता. या कायद्याप्रमाणे जर्नीमनला, म्हणजे उमेदवारी पुरी केलेल्या कारागिराला, ८,००० तास लागतात आणि मास्टरला १२,०००. शिवाय मास्टरच्या अर्जदाराकडे जर्नीमनचा परवाना किमान दोन वर्षे असावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जर्नीमनसाठी ८,००० तास आहेत, पण ते चार वर्षांपेक्षा कमी काळात भरता येत नाहीत, आणि सोबत ६०० तासांचे वर्गशिक्षण असते. तिथे मास्टर होण्यासाठी त्यानंतर जर्नीमन म्हणून एक वर्ष आणि आणखी १५० तासांचे शिक्षण पुरते. न्यूयॉर्क राज्यात राज्यव्यापी परवानाच नाही, तो स्थानिक पातळीवर मिळतो. न्यूयॉर्क शहर साडेसात वर्षांत मिळून १०,५०० तास मागते आणि तेही अर्जाआधीच्या दहा वर्षांतले.

हे आकडे नुसते शेजारी ठेवले तर गोंधळ वाटतो. भागाकार केला की त्यामागचे हेतू वेगळे दिसू लागतात. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरले, तर वर्षाचे २,००० तास होतात. टेक्सासचे १२,००० म्हणजे सहा वर्षे. न्यूयॉर्कच्या अटीत मात्र वर्षाला सरासरी १,४०० तासच येतात. बांधकामाच्या धंद्यात हंगाम, मंदी आणि दोन कामांमधले रिकामे महिने असतात. तेवढी सूट या हिशेबात आपोआप बसते. त्या बदल्यात कॅलेंडरची वर्षे जास्त लागतात.

आता आठवड्याला ६० तास राबणारा तरुण घ्या. त्याचे वर्षाला ३,००० तास भरतात. टेक्सासात तो दोन वर्षे आठ महिन्यांत जर्नीमनच्या ८,००० तासांपर्यंत पोहोचतो, आणि पुढची सक्तीची दोन वर्षे धरली तरी पाच वर्षांच्या आत मास्टरच्या परीक्षेला बसू शकतो. मॅसॅच्युसेट्सचे कुलूप पहिल्या टप्प्यावर आहे, टेक्सासचे दुसऱ्या. म्हणजे घाई कुठे अंगाशी येते, याबद्दल दोन राज्यांची मते वेगळी आहेत.

न्यूयॉर्क शहराच्या दहा वर्षांच्या मुदतीलाही अर्थ आहे. अमेरिकेतल्या वायरिंगचा आधार असलेला राष्ट्रीय विद्युत कोड १८९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि आता दर तीन वर्षांनी सुधारला जातो. दहा वर्षांत त्याच्या किमान तीन आवृत्त्या येऊन जातात. वीस वर्षांपूर्वी कमावलेले तास खोटे नसतात, पण ते वेगळ्या नियमांखालच्या कामाचे असतात. यातल्या एकाही अटीला नुसता तासांचा ढीग नको आहे. प्रत्येक अट आकड्याआडून दुसरे काहीतरी पकडू पाहते.

२. परीक्षेच्या नजरेतून काय सुटते

परीक्षा घ्या आणि मोकळे व्हा, असे म्हणणाऱ्यांनी ती परीक्षा कशी असते हे पाहावे. बहुतेक राज्यांत ती कोडचे पुस्तक समोर ठेवून द्यायची असते. कोणत्या जाडीच्या तारेवर किती अँपिअर, किती मोठ्या बॉक्समध्ये किती तारा, पॅनेलसमोर किती जागा मोकळी, अशा प्रश्नांची उत्तरे तक्त्यांतून अचूक आणि वेळेत काढायची. हे कौशल्य खरे आहे आणि गरजेचेही आहे. पण आपण अप्रशिक्षित माणसाला काम शिकवणारी पुस्तिका नाही, हे कोड स्वतःच सुरुवातीला बजावतो. वाचणाऱ्याच्या गाठीशी काही आधीपासून आहे, असे तो धरून चालतो. ते गाठीला कसे आले, हे पाहण्याचे काम परीक्षेकडे नाही.

एक बिघाड जवळून पाहू. अमेरिकी घरात ट्रान्सफॉर्मरकडून दोन जिवंत तारा आणि त्यांच्या मधली न्यूट्रल येते. कोणत्याही एका जिवंत तारेपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट मिळतात, दोन जिवंत तारांमध्ये २४०. समजा मुख्य न्यूट्रलचा जोड सुटला. एका बाजूला १,२०० वॉटचा हीटर चालू आहे, दुसऱ्या बाजूला ६० वॉटचा साधा बल्ब. न्यूट्रल नसल्याने दोन्ही उपकरणे २४० व्होल्टवर एकापाठोपाठ जोडल्यासारखी होतात. हीटरचा रोध १२ ओहम, बल्बचा २४०. हिशेब केला तर बल्बच्या वाट्याला सुमारे २२९ व्होल्ट येतात आणि हीटरला जेमतेम ११. बल्ब क्षणभर लखलखतो आणि जातो. त्याच्या जागी टीव्ही असता तर टीव्ही गेला असता.

ओहमचा नियम परीक्षेत असतो. पण घरमालक फोनवर तुटलेल्या न्यूट्रलची तक्रार करत नाही. तो सांगतो की मायक्रोवेव्ह लावला की दिवाणखान्यातला दिवा जास्तच उजळतो. नवखा माणूस येतो, बल्ब बदलतो आणि निघून जातो. मुरलेला कारागीर आधी विचारतो, त्याच वेळी दुसऱ्या खोलीतला दिवा मंद होतो का? उत्तर ‘हो’ आले तर तो बल्बला हात न लावता मुख्य पॅनेलकडे आणि मीटरकडे वळतो. भार वाढल्यावर दिवा मंदावणे समजण्यासारखे आहे, उजळणे नाही. ही विसंगती खटकण्यासाठी असे प्रसंग आधी पाहिलेले असावे लागतात, आणि पहिल्या प्रसंगी ती विसंगती दाखवून देणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

३. तासातासांतला फरक

या शेजारी असलेल्या माणसामुळेच सगळे तास सारखे ठरत नाहीत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी सहकाऱ्यांसह बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकातून त्याचे ‘दहा हजार तासांचा नियम’ असे रूप जगभर पोहोचवले. एरिक्सन यांनी पुढे त्यावर हरकत घेतली. त्यांचा भर आकड्यावर नव्हताच. चूक लगेच दाखवणाऱ्या मार्गदर्शकासमोर केलेला, मुद्दाम आखलेला सराव त्यांना महत्त्वाचा वाटत होता. त्याच त्या कामाची हजारो तास पुनरावृत्ती केल्याने हात सरावतो, पण समज तिथेच राहते.

कॅलिफोर्नियाने हा फरक नियमात उतरवला आहे. तिथल्या सर्वसाधारण इलेक्ट्रिशियनच्या प्रमाणपत्रासाठी ८,००० तास लागतात, पण प्रत्येक प्रकारच्या कामाला वरची मर्यादा आहे. कोठारात सामान लावण्याचे आणि हलवण्याचे ३०० तासच धरले जातात. दिवे आणि फिटिंग बसवण्याच्या शेवटच्या कामाचे ६००, बिघाड शोधण्याचे १,५००, घरगुती वायरिंगचे ३,०००, व्यापारी इमारतींच्या वायरिंगचे ६,०००. म्हणजे आयुष्यभर फक्त घरांचे वायरिंग केलेल्या माणसाचे तास कितीही असले, तरी तेवढ्यावर त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही.

वॉशिंग्टन राज्याने दुसरे टोक पकडले. तिथे सर्वसाधारण विद्युतकामात एका प्रमाणित कारागिरामागे एकच शिकाऊ ठेवता येतो, आणि तो कारागीर दिवसाच्या किमान ७५ टक्के वेळ त्याच जागेवर हजर असावा लागतो. कॅलिफोर्निया कामाचा प्रकार तपासते, वॉशिंग्टन साक्षीदाराची हजेरी. ही दोन्ही कलमे एकत्र आणली की अनुभवाच्या अटीचा गाभा तयार होतो, आणि त्यात १२,००० की १०,५०० हा प्रश्न मागे पडतो.

४. भिंतीआड गेलेले काम

साक्षीची इतकी मातब्बरी का, याचे उत्तर या धंद्याच्या स्वभावात आहे. अमेरिकी घरांत वायरिंग होते, इन्स्पेक्टर ते भिंती उघड्या असताना एकदा पाहतो, मग भिंती आतून बंद केल्या जातात, आणि शेवटी दिवे-सॉकेट लागल्यावर तो पुन्हा येतो. त्यानंतरची पन्नास वर्षे ते काम कोणालाही दिसत नाही. उघड्या भिंतीतही इन्स्पेक्टरला सगळे दिसत नाही. स्क्रू किती आवळला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ढिला जोड तापतो, गार होतो, आणखी ढिला होतो, आणि याला वर्षे लागू शकतात. उत्पादकाने आवळण्याचे माप दिले असेल तिथे मोजणारेच हत्यार वापरा, अशी सक्ती कोडमध्ये २०१७ च्या आवृत्तीत आली.

ॲल्युमिनिअमच्या तारांचे उदाहरण तर अमेरिकेला पुरते ठाऊक आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात तांबे महागले आणि पुढची काही वर्षे अनेक घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा गेल्या. त्या वेळी इन्स्पेक्टरला त्यात वावगे दिसले नव्हते. नंतर तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने निष्कर्ष काढला, की १९७२ पूर्वी बनलेल्या ॲल्युमिनिअम तारांच्या घरांत एखादा तरी जोड आग लागण्याच्या स्थितीला पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या तुलनेत ५५ पट आहे. अशा जुन्या घरात आज नवे सॉकेट बसवायला गेलेल्याने कव्हर काढताच तार ओळखली पाहिजे आणि तांब्याचा तुकडा नुसता पिळून जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तो काय करतो, हे त्या क्षणी शेजारी असलेल्यालाच दिसते.

म्हणून अमेरिकेची व्यवस्था एका माणसाचे नाव पुढे करते. टेक्सासात विद्युत ठेकेदाराच्या परवान्यामागे एक मास्टर नोंदवलेला असावा लागतो. न्यूयॉर्क शहरात विद्युतकामाची परवानगी मास्टरच्या परवान्यावर निघते. काम बिघडले तर तेच नाव विचारले जाते. उद्या ज्याच्या नावावर इतरांचे काम चालणार, त्याच्याबद्दल आज कोणीतरी आपले नाव पणाला लावावे, एवढेच अनुभवाची अट मागते.

५. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने धंदा शिकण्यासाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. १७७६ मध्ये ॲडम स्मिथ यांनी तिच्यावर कोरडे ओढले. त्यांच्या मते लांबलचक उमेदवारी अनावश्यक होती. वाईट माल बहुधा अज्ञानातून येत नाही, लबाडीतून येतो, आणि लबाडीवर उमेदवारीचा उतारा चालत नाही. गिऱ्हाइकाला चांदीवरच्या शुद्धतेच्या छापाचा आधार अधिक, असे ते म्हणत. १९६२ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी परवाना पद्धतीवर हाच हल्ला आधुनिक भाषेत चढवला.

स्मिथ यांचे उत्तर चांदीला लागू पडते, कारण चांदी केव्हाही कसाला लावता येते. भिंतीतल्या जोडाला छाप मारता येत नाही; छाप मारायचा तर तो करणाऱ्यावरच मारावा लागतो. मात्र लबाडीबद्दल स्मिथ यांचे म्हणणे खरे आहे. तासांच्या कागदावरची सही लबाड असेल, तर सात वर्षे काय आणि साडेसात वर्षे काय!

दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे. मॉरिस क्लायनर आणि क्योंग वॉन पार्क यांनी १९९२ ते २००७ या काळातल्या अमेरिकी इलेक्ट्रिशियनांचा अभ्यास केला. परवाना नियमांचा संबंध वाढत्या वेतनाशी दिसला, पण इजा आणि मृत्यू कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. त्याआधी १९८१ मध्ये सिडनी कॅरॉल आणि रॉबर्ट गॅस्टन यांनी आणखी अडचणीचे निरीक्षण मांडले होते: जिथे इलेक्ट्रिशियनांवरची बंधने कडक, तिथे विजेच्या धक्क्याने होणारे अपघाती मृत्यू जास्त. कारागीर दुर्मीळ आणि महाग झाला की लोक स्वतःच तारांत हात घालतात, हा त्याचा संभाव्य अर्थ.

हे झटकून टाकता येत नाही. क्लायनर-पार्क यांनी कामावरच्या इलेक्ट्रिशियनांच्या इजा मोजल्या, राहत्या घरांतल्या आगी नव्हेत, एवढी त्याची मर्यादा सांगता येते. पण कॅरॉल-गॅस्टन यांचा इशारा उरतोच, आणि आकडा वाढवत नेणाऱ्या मंडळांना तो थेट लागू होतो. तास वाढवले की सुरक्षितता वाढते, ही समजूत या अभ्यासांनी मोडीत काढली. पण हे आकडे फार तर नियम किती कडक आहेत, एवढेच सांगतात. साक्ष किती खरी होती, हे त्यांत येत नाही.

तिसरा आक्षेप म्हणतो, वेळ सोडा आणि कौशल्य मोजा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००८ मध्ये उमेदवारीचे नियम सुधारताना वेळेवर आधारित, कौशल्यावर आधारित आणि मिश्र अशा तिन्ही पद्धती मान्य केल्या. पाइप वाकवणे, पॅनेल जोडणे, मोटर कंट्रोल लावणे, प्रत्येक काम करून दाखवा आणि पुढे जा. ही पद्धत कामाच्या विविधतेचा प्रश्न चांगला सोडवते. पण कार्यशाळेत बिघाड आधीच मांडून ठेवलेला असतो, आणि आपल्याला बिघाड शोधायचा आहे हे उमेदवाराला ठाऊक असते. खऱ्या जागेवर आधी बिघाड आहे हेच ओळखायचे असते, आणि तेही घरमालक घाई करत असताना. म्हणून कौशल्याची चाचणी तासांचा काही भाग वाचवू शकेल, पण जागेवरच्या साक्षीदाराची जागा घेऊ शकणार नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे, आणि तो या लेखाच्या मूळ मुद्द्यालाच भिडतो. साक्षीदार हाच मालक आहे. ज्याने सही द्यायची त्यालाच स्वस्त, अनुभवी जर्नीमन आणखी दोन वर्षे हवा असतो. सही दिली की तो उद्या समोर दुकान थाटणार. काही मालक सही लांबवतात, काही धंदा बंद करून गाव सोडतात, काही मरण पावतात, आणि कारागिराची वर्षे कागदावरून पुसली जातात. हा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. पण त्यातून साक्ष नको, असे निघत नाही. ती वर्षांच्या शेवटी, एकरकमी आणि एकाच्या मर्जीवर घेतली जाते, हा तिचा दोष आहे.

६. महाराष्ट्राशी असलेला धागा

सहीतला दोष मराठी वाचकाला परका वाटणार नाही. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे, किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीकडूनच करून घ्यायचे असते. हे परवाने राज्ये देतात. कागदावर ही तीन पायऱ्यांची रचना अमेरिकेच्या शिकाऊ, जर्नीमन आणि मास्टर या उतरंडीपेक्षा फार वेगळी नाही. आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेला मुलगाही पुढे कोणाच्या तरी हाताखालीच तयार होतो.

आणि तरीही नवीन जोडणीसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट जागेवर पाऊल न टाकता सही होऊन मिळतो, हे बांधकामाशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला की नाही, अर्थिंग मोजले की नाही, रकाने मात्र भरलेले. अशा ठिकाणी ठेकेदारासाठी अनुभवाची अट पाचाऐवजी दहा वर्षांची केली तरी काय बदलेल? पोकळ सही दुप्पट अनुभवी माणसाची होईल, इतकेच.

७. बदल कुठे हवा

पहिला बदल नोंदीच्या वेळेत हवा. सहा वर्षांनी एकदम सही घेण्याऐवजी दर महिन्याला नोंद व्हावी: जागा, कामाचा प्रकार, तास आणि त्या दिवशी हजर असलेल्याचे नाव. ती परवाना कार्यालयात जमा होत राहिली, तर मालक रुसला, धंदा बुडाला किंवा मास्टर वारला, तरी कारागिराची वर्षे त्याच्याच नावावर राहतील. पगारपत्रकाशी ताडून पाहिली की फुगवलेले तासही उघडे पडतील.

दुसरा, कॅलिफोर्नियासारख्या प्रकारनिहाय मर्यादा मास्टरच्या परवान्याला लावाव्यात आणि बिघाड शोधण्याच्या कामाला वरच्या मर्यादेबरोबर खालचीही मर्यादा असावी. ज्याने एकही सुटलेली न्यूट्रल शोधलेली नाही, त्याच्या नावावर इतरांची घरे सोपवण्यात अर्थ नाही. फक्त घरकामे घेणाऱ्या लहान ठेकेदाराकडचा मुलगा यात मागे पडेल, ही भीती रास्त आहे. तिला तोड अमेरिकेतच तयार आहे: विद्युत कामगारांची संघटना आणि ठेकेदारांची संघटना मिळून चालवत असलेल्या प्रशिक्षण समित्या शिकाऊंना एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे फिरवतात. संघटनेबाहेरच्या लहान दुकानांनाही अशी अदलाबदल करता यावी, यासाठी परवाना कार्यालयांनी मध्यस्थी करावी.

तिसरा, सही तपासली जावी. मास्टरने एका महिन्यात किती जणांसाठी किती तास आणि किती जागांवर हजेरी लावली, याची बेरीज नोंदी एकत्र असतील तर संगणक करू शकतो. एकाच मंगळवारी तीन गावांतल्या पाच जागांवर हजर राहिलेला मास्टर त्या बेरजेत लगेच सापडेल, आणि तेव्हा चौकशी अर्जदाराची न होता त्या मास्टरच्या परवान्याची व्हावी.

हे तिन्ही बदल झाले, तर कारागिराला कदाचित १२,००० तासही लागणार नाहीत. टेक्सासने आकडा ९,००० वर आणला तरी चालेल, किंवा तसाच ठेवला तरी. पण आज दोन्ही बाजू जे करत आहेत, म्हणजे त्याच कागदावर आकडा खोडून नवा लिहिणे, त्याने सुटलेली न्यूट्रल ओळखणारा एकही माणूस वाढत नाही.